समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर? वाढवणच्या वादात लातूरकरांसाठी काय आहे?

शक्तिपीठ महामार्गाच्या प्रस्तावित आखणीत लातूर जिल्हा आहे. त्यामुळे 'एकरी किती मिळणार?' हा प्रश्न इथे नवा नाही. पण समजा, पिढ्यान्‌पिढ्या ज्या जागेवर पोट भरलं, तिचा सातबाराच नसेल तर? पालघर जिल्ह्यातल्या वाढवण परिसरातले मच्छीमार याच पेचात आहेत.

प्रकल्प काय आहे?

डहाणू तालुक्यात वाढवणला ७६,२२० कोटी रुपयांचं बंदर होतंय. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधान मोदींनी पायाभरणी केली. इथे किनाऱ्याजवळच समुद्र सुमारे २० मीटर खोल आहे, त्यामुळे अवाढव्य कंटेनर जहाजं लागू शकतील. सरकारच्या मते सुमारे १० लाख रोजगारांची क्षमता आहे.

मग विरोध का?

बंदरासाठी १,४४८ हेक्टर, म्हणजे साडेतीन हजार एकरांहून जास्त समुद्रात भराव पडणार आहे. 'बंदर समुद्रात आहे, गाव उठणार नाही,' हा सरकारी युक्तिवाद. मच्छीमारांचं उत्तर साधं आहे: घर राहील, पण कमाईची जागा जाईल.

अविश्वासालाही इतिहास आहे. डहाणूच्या पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये इथलं बंदर नाकारलं होतं. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटी घालून परवानगी दिली.

रोजगाराची आशा असणारेही आहेत. पण बंदरातली नोकरी शिकलेल्या तरुणाला मिळेल. पन्नाशीतल्या खलाशाचं किंवा मासे विकणाऱ्या बाईचं काय?

भरपाई कुठे अडते?

शेतजमिनीचा मालक कागदावर असतो. समुद्रात नोंद असते ती बोटीची. फक्त बोटी मोजल्या तर खलाशी आणि मासे विकणाऱ्या बाया हिशेबाबाहेर राहतात.

२०२१ मध्ये ठाणे खाडीवरच्या तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशा बाधित मच्छीमारांसाठी राज्याने भरपाईचं धोरण आखावं, असं सांगितलं. म्हणजे सातबारा नसला तरी नुकसान हे नुकसानच.

ऐकलं तर काय होतं?

मुंबईच्या कोस्टल रोडच्या पुलाला दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठरलं होतं. एवढ्यातून बोटी नेणं धोक्याचं, म्हणून वरळीचे कोळी अडून बसले. शेवटी अंतर १२० मीटर झालं आणि रस्ताही झाला. हेच आधी विचारलं असतं तर वेळ वाचला असता.

लातूरशी संबंध काय?

आपल्याकडेही बटईने कसणाऱ्याचं आणि शेतमजुराचं नाव सातबाऱ्यावर नसतं. जमीन गेली की मालकाला मोबदला मिळतो, यांचं फक्त काम जातं. त्यामुळे पुढच्या वेळी भूसंपादनाची बातमी वाचताना 'एकरी किती' याच्यासोबत आणखी एक प्रश्न विचारा: या जागेवर जगणारे, पण कागदावर नसलेले किती?