पहिली वीज कोणाला?

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे सह्याद्री हादरला. कोयनानगर बघता बघता ढिगाऱ्याखाली गेले, पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, हजारो कुटुंबे ऐन थंडीत उघड्यावर आली. तो धक्का मुंबई, पुणे आणि गोव्यापर्यंत जाणवला. भोर तालुक्यातील आंबवडे हे गाव तर कोयनेपासून हवाई अंतराने शंभर किलोमीटरच्याही आत. नागेश्वराचे मंदिर, कान्होजी जेध्यांची समाधी आणि संस्थानकाळातील झुलता पूल यांसाठी ओळखले जाणारे हे गाव सह्याद्रीच्या त्याच रांगेच्या कुशीत वसले आहे. त्या पहाटे डोंगरातली जमीन हलली आणि दूरच्या मुंबईतील कारखाने थांबले, कारण कोयनेची वीज खंडित झाली होती. भूकंप केवळ घरे पाडत नाही, तो दिवेही मालवतो, हा धडा महाराष्ट्राला त्या दिवशी मिळाला.

तोवर दख्खनचे पठार भूकंपापासून मुक्त आहे, अशीच सर्वांची समजूत होती. कोयनेने ती मोडली. 103 मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला वरच्या भागात आडवे तडे गेले, पण धरण उभे राहिले. आपल्या अभियंत्यांनी ते तडे बुजवले, भिंतीला मागून आधार देऊन ती अधिक भक्कम केली आणि देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा 1970 मध्ये नव्याने आखला गेला. धरणाच्या बाबतीत धडा गिरवला गेला, यात शंका नाही. मात्र या आपत्तीनंतर दोन वर्षांच्या आतच, ऑक्टोबर 1969 मध्ये, याच राज्याच्या किनाऱ्यावर तारापूर येथे देशातील पहिले अणुवीज केंद्र व्यावसायिक उत्पादन करू लागले. तेव्हापासून वीज आणि भूकंप यांच्या नात्याला एक नवे, अधिक गंभीर परिमाण लाभले आहे. त्याचा पुरेसा विचार झाला आहे काय, हा खरा प्रश्न आहे.

अणुवीज केंद्र म्हणजे वीज देणारे केंद्र, एवढेच सामान्य माणसाला ठाऊक असते. ते वीज घेणारेही केंद्र आहे, हे फारसे कोणी सांगत नाही. धरणीकंप होताच अणुभट्टी काही क्षणांत बंद करता येते, पण बंद झालेली भट्टी लगेच थंड होत नाही. इंधनातील किरणोत्सारी द्रव्यांमुळे तिच्यात प्रारंभी पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निर्माण होतच राहते. दिवसभरात हे प्रमाण एक टक्क्याखाली येते, परंतु थांबत नाही. ही उष्णता वाहून नेण्यासाठी पाणी फिरते ठेवावे लागते, पाण्यासाठी पंप लागतात आणि पंपांना वीज लागते. जी भट्टी हजारो घरे उजळते, तीच संकटाच्या घडीला बाहेरून येणाऱ्या एका तारेकडे डोळे लावून बसते.

जपानमध्ये 11 मार्च 2011 रोजी नेमके हेच घडले. फुकुशिमा दाईची येथील चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या भूकंप होताच ठरल्याप्रमाणे बंद झाल्या. बाहेरची वीज तुटली, तेव्हा डिझेलचे जनित्रसंचही सुरू झाले. सुमारे पाऊण तासाने आलेल्या त्सुनामीने ते बुडवले आणि तिन्ही भट्ट्यांचे इंधन वितळले. तेथून सुमारे बारा किलोमीटरवरील फुकुशिमा दाइनी या दुसऱ्या केंद्राची गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. तिथे बाहेरची एक वीजवाहिनी शाबूत राहिली होती. त्या एका वाहिनीच्या आधारावर दोनेकशे कामगारांनी सुमारे नऊ किलोमीटर लांबीची जड केबल बव्हंशी हातांनी ओढून टाकली, पंप पुन्हा चालू केले आणि चारही भट्ट्या वाचवल्या. यंत्रे कितीही प्रगत असली, तरी शेवटी तार आणि माणूस हेच कामी आले.

असा प्रसंग भारतानेही पाहिला आहे, तोही फुकुशिमाच्या कितीतरी आधी. 31 मार्च 1993 रोजी उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात जनित्राला आग लागली, केबली जळाल्या आणि सुमारे सतरा तास तेथील एका भट्टीला कुठूनही वीज मिळाली नाही. कर्मचाऱ्यांनी अंधारात विजेरीच्या उजेडात वर चढून हाताने झडपा उघडल्या आणि आग विझवण्याच्या डिझेल पंपांनी पाणी पोहोचवले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही. 2001 च्या कच्छ भूकंपात काक्रापारचे केंद्र चालू राहिले, तर 2004 च्या त्सुनामीत कल्पाक्कमची चालू भट्टी सुरक्षितपणे बंद करण्यात आली. या मंडळींचा देशाला रास्त अभिमान वाटावा. परंतु माणसांच्या धैर्यावर निभावलेला प्रसंग म्हणजे व्यवस्थेची सिद्धता नव्हे. फुकुशिमानंतर आपल्या केंद्रांत बाहेरून पाणी सोडण्याच्या जोडण्या आणि राखीव वीजसाधने यांची भर पडली, हे योग्यच झाले. तरी ही सारी तयारी कुंपणाच्या आतली आहे.

कुंपणाबाहेर काय? संपूर्ण वीजजाळे कोसळले, तर औष्णिक केंद्रेही बाहेरची वीज मिळाल्याखेरीज चालू होत नाहीत. जलविद्युत केंद्र मात्र अल्प साधनांवर स्वतःच जागे होते आणि इतरांना जागे करते. राज्यातील सर्वांत मोठे जलविद्युत केंद्र म्हणजे सुमारे 1,960 मेगावॅटचे कोयना. ज्याच्या पाण्यावर अंधारातला पहिला दिवा लागावा, तो प्रकल्पच राज्यातील सर्वाधिक हादरणाऱ्या भूमीत उभा आहे. दुसऱ्या टोकाला, तारापूर ज्या जिल्ह्यात आहे त्या पालघरमध्ये नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरी परिसराने लहान-मध्यम धक्क्यांची मालिका अनुभवली. हे धक्के म्हणजे अरिष्टाची चाहूल असे म्हणणे अशास्त्रीय ठरेल. पण त्यांच्याकडे डोळेझाक करणे हेही शहाणपणाचे नाही.

म्हणूनच भूकंपानंतरची पहिली वीज कोणाला द्यायची, याचा क्रम आधीच ठरलेला, कागदावर उतरलेला आणि सरावाने अंगवळणी पडलेला हवा. अणुवीज केंद्रापर्यंतची एक वाहिनी कोणत्या मार्गाने प्रथम जिवंत करायची, उपकेंद्रांतील चिनी मातीचे विद्युतरोधक फुटले तर सुटे भाग कुठे आहेत, राखीव रोहित्र कोणत्या रस्त्याने येईल, घाटातली दरड कोण हटवील, या प्रश्नांची उत्तरे भूकंपाच्या दिवशी शोधायची नसतात. अशा तालमींचे निष्कर्ष जनतेसमोर आले पाहिजेत. नियामकाच्या स्वायत्ततेतील उणिवांवर महालेखापरीक्षकांनी 2012 मध्येच बोट ठेवले होते. अणुऊर्जेचे समर्थक असोत वा विरोधक, जैतापूरच्या प्रश्नावर दोघांनीही घसे कोरडे केले, पण त्या केंद्राला संकटकाळी बाहेरची वीज कोणत्या तारेतून मिळेल, हे विचारणारे आवाज विरळाच होते. अणुऊर्जा देशाला हवी आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न तिच्या हितचिंतकांनी सर्वांत आधी विचारला पाहिजे.

या क्रमवारीची एक किंमत आहे आणि ती लपवू नये. पहिली वीज अणुभट्टीच्या पंपांना, दुसरी रुग्णालयांना आणि पाणीपुरवठ्याला दिली, तर आंबवड्यासारख्या डोंगराळ गावाची पाळी उशिरा येणार. ते न्याय्यही आहे, कारण भट्टी सांभाळली नाही तर नुकसान पिढ्यांचे होते. परंतु ज्यांनी थांबायचे, त्यांना ते आधी सांगितले पाहिजे आणि थांबण्याचे बळही दिले पाहिजे. आरोग्य केंद्रात लसी थंड ठेवण्यापुरती आणि पिण्याच्या पाण्याच्या पंपापुरती सौर व्यवस्था, गावाला ठाऊक असलेला वायरमन, वर्षातून एकदा विजेविना दोन दिवस काढण्याची गावाने केलेली रंगीत तालीम, एवढे तरी अशक्य नाही. किल्लारीला आणि भुजला ढिगारे उपसायला धावून जाणारे हात आपल्या समाजात कधीच कमी पडले नाहीत. ते हात ढिगारा होण्यापूर्वी या कामी लागले, तर त्यांचे मोल अधिक ठरेल.

1967 मध्ये सह्याद्रीने आपल्याला झोपेतून उठवले होते. पुढच्या वेळी त्याने हाक दिली, तर आपण जागे असले पाहिजे.