कला महाविद्यालयाचे वसतिगृह : बेंबळीहून विचारलेला एक जुना प्रश्न

१/ धाराशिवहून रात्री लातूर–मुंबई एक्स्प्रेस पकडली की सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरता येते. तिथून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट चालत दहा मिनिटांवर. बेंबळीच्या शाळेत इंटरमिजिएट परीक्षा चांगल्या श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या मुलीसाठी हे अंतर अवघ्या एका रात्रीचे आहे. खरे अंतर संध्याकाळी सुरू होते. वर्ग सुटल्यावर ती जाणार कुठे? आजचा धागा या प्रश्नाच्या इतिहासाविषयी.

२/ सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. पुढे आवारात शिक्षकाचे घर होते. १८६५ साली रुडयार्ड किपलिंगचा जन्म याच आवारातला. आजचा प्रसिद्ध बंगला त्यानंतरचा, तरी त्याच्यासमोर छायाचित्रे काढली जातातच. शिक्षक कुठे राहत होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. विद्यार्थी रात्री कुठे पथारी टाकत, याविषयी मात्र आपली कलेतिहासाची पुस्तके फारच कमी बोलतात.

३/ मुंबईत परगावच्या माणसाला निवारा मिळे तो गावाच्या नात्याने. कोकणातल्या गावमंडळांच्या खोल्या होत्या. गोव्याच्या खेड्यांचे ‘कूड’ धोबीतलाव-गिरगाव भागात होते, म्हणजे शाळेपासून हाकेच्या अंतरावर. या खोल्या खलाशी, आचारी, गिरणी कामगार यांच्यासाठी होत्या, चित्रकारांसाठी नव्हेत. तरी शहरात आपल्या गावचे एक दार असणे ही केवढी पुंजी असते, हे ज्याच्याकडे ते दार नाही त्याला विचारावे.

४/ मराठवाड्याकडे ते दार नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शिक्षणाची वाट हैदराबादला जात होती, मुंबईला नाही. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, तोवर जे. जे. जवळजवळ शंभर वर्षांची झाली होती. शंभर वर्षांत साचलेली ओळखपाळख, काकाची चाळ, ओळखीची खाणावळ, ‘आमच्या मास्तरांचे स्नेही’ हे सारे आपल्या वाट्याला आलेच नाही. मराठवाड्यातून चित्रकार कमी का निघाले, याचे उत्तर ‘तिकडे कलेचे वातावरण नाही’ असे देणाऱ्यांनी तेर येथील लामतुरे संग्रहालय पाहावे. सातवाहनकाळापासूनचे कारागिरीचे वातावरण तिथे कपाटांत ठेवले आहे.

५/ आता याच काळातली दुसरी कथा. १९०१ मध्ये राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे केले आणि त्यामागून जातीजातींची, धर्माधर्मांची वसतिगृहे निघाली. १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी साताऱ्यात बोर्डिंग काढले; लक्ष्मीबाईंचे दागिने त्यात गेले. १९२५ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह सुरू केले. आपल्या जिल्ह्यात हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ ची. तिथे स्वामी रामानंद तीर्थांसारखे शिक्षक विद्यार्थ्यांसोबत राहत.

६/ या सर्वांना एक गोष्ट नेमकी कळली होती. फी माफ केली म्हणून खेड्यातला मुलगा शिकत नाही. त्याला रात्री छप्पर आणि दोन वेळा भाकरी लागते. महाराष्ट्रात बहुजन समाज शिकला तो आधी वसतिगृहात आणि मग वर्गात. दुर्दैव असे की ही परंपरा आणि कलाशिक्षणाची परंपरा शेजारी शेजारी वाहत राहिल्या, पण एकमेकींत मिसळल्या नाहीत. वकील, शिक्षक, अभियंता घडवण्यासाठी बोर्डिंग हवे, हे समाजाने मान्य केले. चित्रकारासाठी? तो ‘उपजत’ असतो ना!

७/ कोल्हापूर इथेही थोडे वेगळे. जे. जे. मध्ये शिकून आलेल्या आबालाल रहिमान यांना शाहूंचा आश्रय मिळाला. पण आश्रय एका कलावंताला मिळतो. तो राजाच्या नजरेवर अवलंबून असतो. वसतिगृहाला नियम असतात, यादी असते, आणि यादीत नाव नसेल तर भांडता येते.

८/ इथे कोणीतरी हुसेन यांचे नाव काढणार, हे ठाऊक आहे. पंढरपूरचा मुलगा मुंबईत आला, सिनेमाची पोस्टरे रंगवली, फुटपाथवर झोपला आणि मकबूल फिदा हुसेन झाला. गुण असतील तर वाट निघतेच, असे या कथेचे तात्पर्य सांगितले जाते. सांगणारे बहुधा स्वतःच्या घरात, पंख्याखाली बसलेले असतात. फुटपाथवरून वर आलेला एक माणूस आपण मोजतो. दुसऱ्या महिन्यात गावी परतलेले मोजायला कोणी बसले आहे काय? आणि मुलीला फुटपाथचा हा सल्ला कोणता बाप देईल?

९/ ‘कुठेही एक खाट मिळाली की झाले’, हा दुसरा युक्तिवाद. तो करणाऱ्याने तैलरंगात काम केलेले नाही. तैलरंग वाळायला दिवस लागतात. तीन बाय चार फुटांचा ओला कॅनव्हास खाटेखाली सरकवता येत नाही. टर्पेंटाइनच्या वासाने शेजारचा स्पर्धापरीक्षेचा विद्यार्थी रेक्टरकडे जातो आणि त्याचे चुकतही नाही. मातीकामाला पाणी आणि सांडायला मोकळी फरशी लागते. महाविद्यालयाचा स्टुडिओ संध्याकाळी बंद होतो. उद्याचे सबमिशन बंद होत नाही. पेइंग गेस्टच्या खोलीत भिंतीला खिळा मारायची परवानगी नसते, तिथे कोणी म्यूरलचा आराखडा लावून दाखवावा.

१०/ हे ज्यांना कळले ते शांतिनिकेतनात होते. कलाभवन १९१९ चे. आपले कोल्हापूरचे विनायक मासोजी तिथल्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी. १९३०च्या दशकात तिथे मातीची एक वास्तू उभी राहिली, डांबर चोपडून काळी केलेली, भिंतींवर उठावशिल्पे: ‘कालो बाडी’. ते विद्यार्थ्यांचे वसतिगृह होते! नंदलाल बसू, रामकिंकर बैज आणि विद्यार्थ्यांचे हात त्या भिंतींना लागले. १९४० मध्ये बिनोदबिहारी मुखर्जींनी एका वसतिगृहाच्या छतावर बीरभूमचा सारा परिसर रंगवला. खाटेवर उताणे पडलेल्या मुलाला वर गाव, झाडे, तळे दिसे. माती आणि डांबर यांना किती पैसे लागतात? ‘निधी नाही’ या उत्तरावर माझा विश्वास बसत नाही, तो यामुळे.

११/ आज काय स्थिती? कला संचालनालय १९६५ पासून आहे. रेखाकला परीक्षांमुळे बेंबळीसारख्या गावांतली मुलेही कागद-रंगापर्यंत पोहोचतात, आणि ही व्यवस्था मोठीच आहे. पण पुढची शासकीय कला महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे. धाराशिवहून सर्वांत जवळचे, म्हणजे संभाजीनगरचे, सुमारे अडीचशे किलोमीटरवर. दारापर्यंत आणून सोडायचे आणि दार अडीचशे किलोमीटर लांब ठेवायचे, असा हा प्रकार आहे.

१२/ वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी मूळ तरतूद वर्षाला ६०,००० रुपयांची: भोजन ३२,०००, निवास २०,०००, निर्वाह ८,०००. योजना चांगली आहे, तिचे श्रेय द्यायलाच हवे. पण निवासाचे वीस हजार म्हणजे महिन्याला १,६६७ रुपये होतात. मुंबईत या भाड्यात खोलीचा कोपरा तरी मिळतो का, ते ज्याने त्याने विचारून पाहावे.

१३/ आणि आता तो तपशील, ज्यासाठी हा धागा लिहिला. शैक्षणिक साहित्यासाठी मूळ योजनेत वेगळी रक्कम आहे: वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला ५,००० रुपये, ‘अन्य शाखा’ २,००० रुपये. कलाशाखेची मुलगी ‘अन्य’मध्ये. ज्या शिक्षणात साहित्य हाच अभ्यास आहे, कॅनव्हास, रंग, ब्रश, माती, प्लास्टर रोज संपते, तिथे वर्षाला दोन हजार. ज्याने ही ओळ लिहिली त्याला चित्रकला म्हणजे पाटी-पेन्सिल वाटली असावी. शिवाय अभ्यासक्रम दोन वर्षांपेक्षा कमी नसावा, अशीही मूळ अट. कलाशिक्षणाची पहिली पायरी असलेला फाउंडेशन अभ्यासक्रम एका वर्षाचा. म्हणजे पायरी चढण्याआधीच हात सोडला.

१४/ मागणी फार मोठी नाही. ‘अन्य शाखा’मधून दृश्यकला बाहेर काढून तिला किमान अभियांत्रिकीइतके साहित्य-अनुदान द्या. फाउंडेशनला दोन वर्षांच्या अटीतून सूट द्या. शासकीय कला महाविद्यालयाच्या वसतिगृहात, मुलींच्या आणि मुलांच्याही, एक कामाची खोली बांधा: उत्तरेकडे मोठी खिडकी, एक मोरी, धुता येईल अशी फरशी, कॅनव्हास उभे करायला लाकडी मांडणी आणि रात्री अकरापर्यंत दिवा. छत रंगवायचे काम मुले स्वतः करतील.