विजेविना नेम
रायफलीवर लाल ठिपका दाखविणारे बॅटरीचे दर्शक बसविले की सैनिक अजेय झाला, अशी समजूत करून घेतलेले विद्वान अलीकडे बरेच झाले आहेत. नळीवरची नेम धरण्याची माशी त्यांना मागासलेली वाटते! या विद्वानांनी एकदा पुण्याच्या बालेवाडीत जावे. तेथे सराव केलेल्या, कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक जिंकले. त्या रायफलीवर ना दुर्बीण, ना बॅटरी. मागे बारीक छिद्र, पुढे वर्तुळाकार माशी आणि साधनेने स्थिर झालेला श्वास, एवढेच.

लाल ठिपक्याने अंधुक उजेडात नेम लवकर साधतो, हे मान्यच. परंतु लडाखच्या थंडीत बॅटरीची शक्ती झपाट्याने उतरते. आणि लिथियमच्या बॅटऱ्या आपण मुख्यत्वे आणतो कोठून? चीनमधून! ज्याच्याशी जून २०२० मध्ये गलवानला रक्त सांडले, त्याच्याच दारात नेमासाठी उभे राहायचे? ट्रिटियमच्या स्वयंप्रकाशी दर्शकास बॅटरी लागत नाही खरी. पण त्याचेही तेज सुमारे १२ वर्षांत निम्म्यावर येते. वर्षानुवर्षांच्या संकटात टिकते ती पोलादी माशीच. पाषाणच्या ‘एआरडीई’ने घडविलेल्या इन्सास रायफलीवर ती होतीच.

नवे दर्शक खुशाल घ्यावेत. मात्र माशीविना रायफली देऊ करणारा प्रस्ताव आला, तर संरक्षण मंत्रालयाने तो आल्या पावली परत पाठवावा, आणि जवानांच्या गोळीबार सरावाचा काही भाग केवळ माशीवरच घ्यावा.