भूर्जवनातली मुलगी

ग्रंथालयातल्या एका जाड पुस्तकात पाउला मोडरसोन-बेकर ह्या जर्मन चित्रकर्त्रीचे १९०५ सालचे एक चित्र सापडले. बर्च, म्हणजे आपल्या भूर्जाच्या जातीची झाडे. त्यांच्या पांढुरक्या खोडांमधून एक मुलगी लांब पावा वाजवीत चालली आहे. बस्स, एवढेच. मित्रमंडळींना दाखविले, तेव्हा उद्गार निघाले : ‘वा, निसर्गाच्या कुशीतले निरागस बालपण!’ ह्या उद्गाराशी माझे भांडण आहे.

चित्र पुन्हा पाहावे. मुलगी आपल्याकडे पाहत नाही. लहान मुलांच्या चित्रांत आपण जो गोडवा शोधतो, तो तिच्या चेहऱ्यावर नाही. आकार साधे, जड. खोडे जशी उभी आहेत तशीच तीही.

ही मुले कोठली? ब्रेमेनजवळच्या वोर्प्सवेडे गावची. सभोवती दलदल. कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर कापायचा, विटांसारखा वाळवायचा आणि होड्यांतून जळण म्हणून ब्रेमेनला न्यायचा, हा तिथला जुना धंदा. १८८९ पासून चित्रकार तेथे राहू लागले, ते आभाळाच्या आणि दलदलीच्या सौंदर्यासाठी. गावकऱ्यांना मात्र तेच सौंदर्य फावड्याने कापावे लागत होते! पाउलाने मुले रंगविली ती ह्या घरांतली.

मी सुट्टीत शेळ्या वळल्या आहेत. रान आवडायचे, खोटे कशाला बोलू? पण सगळे लक्ष शेळ्यांवर आणि लोकांच्या पिकांवर असायचे. ‘निसर्गाची कूस’ हा शब्द कॉलेजात आल्यावर कळला. दुपारी शेळ्या सावलीला बसल्या की पिंपळाच्या पानाची पिपाणी करून वाजवायची. ती कोणाला ऐकविण्यासाठी नव्हे. ह्या मुलीचा पावा मला तसा वाटतो.

कोणी म्हणेल, चित्रात तर फावडे नाही, मग दारिद्र्य कशाला शोधता? मान्य. पाउलाने दुःखाची जाहिरात केलेली नाही. दया भाकणारे चित्र मला गोड चित्राइतकेच नकोसे वाटले असते. तिने मुलीला तिच्या रानात एकटे राहू दिले, हे मला मोठे वाटते.

ह्याची किंमत तिने मोजली. १८९९ साली ब्रेमेनच्या प्रदर्शनात टीकाकाराने तिला झोडपले. हयातीत चित्रे विकली गेली ती बोटांवर मोजण्याइतकी. १९०५ साली ड्रेस्डेनमध्ये ‘डी ब्र्यूके’ हा गट निघाला आणि पुढे अभिव्यक्तिवादाचा गाजावाजा झाला. पाउलाचा जन्म त्याच शहरातला, १८७६ चा. परंतु ती त्या गटात नव्हती. नोव्हेंबर १९०७ मध्ये, मुलीच्या जन्मानंतर अठरा दिवसांनी, एकतिसाव्या वर्षी ती वारली. १९२७ साली ब्रेमेनमध्ये तिच्या नावाचे संग्रहालय उघडले. १९३७ मध्ये नाझींनी तिची चित्रे ‘अधःपतित’ ठरवून संग्रहालयांतून काढून टाकली. शेतकऱ्यांच्या मुलांचे गोडवे गाणाऱ्या त्या राजवटीला खरी शेतकऱ्यांची मुले पाहवली नाहीत.

पुस्तक मी परत केले आहे. कलाविभागाच्या सर्वांत खालच्या फळीवर मिळेल.