काळ्या कातळाचे कोठार

लोणावळ्याजवळील कुरवंडे येथे नागफणीच्या कड्यावर सह्याद्रीची घडण स्पष्ट दिसते. थरावर थर चढलेला हा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसापासून घडला व त्याने आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापलेला आहे. वीजकेंद्रे व कारखाने यांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड याच कातळाच्या पोटात कायमचा कोंडावा, असा विचार आता शास्त्रज्ञांप्रमाणे शासनही करू लागले आहे. नीती आयोगाने २०२२ साली या विषयाचा अहवाल प्रसिद्ध केला आहे. अशा वेळी जनतेनेही या प्रश्नाचा विचार करणे अगत्याचे आहे.

ही कल्पना थट्टेवारी नेण्याजोगी नव्हे. पाण्यात विरघळलेल्या या वायूचा कातळातील कॅल्शियम, मॅग्नेशियम व लोह यांच्याशी संयोग झाला म्हणजे त्याचा अक्षरशः दगड बनतो. आइसलंडमध्ये २०१२ साली अशाच कातळात सुमारे २३० टन वायू सोडण्यात आला. दोन वर्षांच्या आत त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक भागाचे खनिज झाले.

तथापि हुरळून जाण्याचे कारण नाही. कोळशावरील एक हजार मेगावॉटचे केंद्र पूर्ण भाराने चालले तर तासाभरात सुमारे हजार टन वायू सोडते. म्हणजे आइसलंडचा तो सारा प्रयोग त्याच्या पाव तासाच्या धुराएवढा! शिवाय त्या पद्धतीत टनभर वायूमागे सुमारे २५ टन पाणी लागते. ज्या प्रांतात उन्हाळ्यात गावोगाव टँकरची वाट पाहावी लागते, तेथे हे पाणी कोठून आणणार?

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. घाटमाथ्याचा कातळ भेगाळलेला असून कोकणच्या बाजूस तो उभा तुटलेला आहे; तेथे वरच्या थरांत कोंडलेला वायू कड्यातून बाहेर पडण्याचे भय राहील. कुरवंड्याचा कडा अभ्यासास उत्तम. कोठार म्हणून तो चालावयाचा नाही. जागा शोधावयाची ती पठाराखाली, खोलवर. तेथेही ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप विसरून चालणार नाही. जलाशयाच्या पाण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. भूगर्भातील भेगांवर पाण्याचा दाब वाढविणे हा पोरखेळ नव्हे. आणि हा वायू हवेहून जड असतो. १९८६ साली आफ्रिकेतील न्योस सरोवरातून तो निसर्गतःच उसळला, तेव्हा सुमारे १७०० माणसे गुदमरून मेली.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, प्रयोग अवश्य व्हावा. पण तो लहान असावा, त्याची मोजमापे स्वतंत्र शास्त्रज्ञांनी घ्यावीत व ती मराठीतून प्रसिद्ध व्हावीत. विहिरींच्या पाण्याची आधी व नंतर तपासणी व्हावी. ग्रामसभेस विचारल्यावाचून एकही छिद्र घेतले जाऊ नये. पन्नास वर्षांनी गळती झाल्यास जबाबदार कोण, हे आधी कायद्याने ठरावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, भूमीत कोठार सापडले म्हणून धुराडी वाढविण्याचा परवाना कोणास मिळता कामा नये. जो धूर निघालाच नाही, तो कोंडण्याची चिंता कोणासच करावी लागत नाही. धूर कमी करणे हे पहिले कर्तव्य. जो टळणारच नाही, त्यापुरताच कातळाचा आसरा घ्यावा.