बियाण्याचं भात भरडत नाहीत

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयाच्या जिन्यात कॅथे कोल्विट्झ या जर्मन चित्रकर्तीच्या एका शिळाछाप चित्राची प्रत लावावी, असं मी सुचवलं आणि बैठक तासभर लांबली. विरोध करणारी माणसं विचारी आहेत, माझ्या आदरातली आहेत. म्हणून त्यांचं म्हणणं नीट मांडून मगच ते खोडायचं आहे.

चित्र 1942 सालचं. एक म्हातारी, आणि तिनं पांघरुणाखाली घेतलेली तीन पोरं. आपण ‘पदराखाली घेतलं’ म्हणतो, अगदी तसं. तिचे दंड अवाढव्य आहेत, कष्टानं कमावलेले. तेलकट खडूचे जाड काळे फराटे तिच्या बाह्यांवर दिसतात. रक्त नाही, प्रेत नाही, बंदूक नाही. बराच वेळ पाहिल्यावर कळतं, की पोरं भेदरलेली नाहीतच. ती डोकी बाहेर काढून बघताहेत, निसटायला उतावीळ आहेत. म्हातारी त्यांना शत्रूपासून जितकी झाकते आहे, तितकीच त्यांच्या स्वतःच्या उत्साहापासून. युद्धाची भीषणता याहून थेट दाखवलेली मी पाहिलेली नाही. चित्राच्या नावाचा अर्थ असा, की पेरणीसाठी राखलेलं धान्य दळू नये.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार. घरडा सर्कलला शहीद कॅप्टन विनयकुमार सच्चान यांचं स्मारक आहे, कल्याणला दुर्गाडीजवळ खाडीकिनारी नौदलातून निवृत्त झालेली ‘टी-80’ युद्धनौका आणून ठेवली आहे. अशा ठिकाणी युद्धविरोधी चित्र लावणं हा जवानांचा अपमान नव्हे का?

नव्हे. हे चित्र काढणारी बाई स्वतः सैनिकाची आई होती. 1914 मध्ये तिचा धाकटा मुलगा पीटर अठरा वर्षांचा होता. सैन्यात जायला वडिलांची परवानगी लागत होती आणि डॉक्टर असलेले वडील, कार्ल, ती देत नव्हते. कॅथेनंच नवऱ्याची समजूत घातली. ऑक्टोबरमध्ये पीटर बेल्जियममध्ये पडला. त्याच्या स्मारकासाठी ती वर्षानुवर्षं झिजली, आणि गुडघे टेकलेल्या आईबापांचे ते पुतळे 1932 मध्ये पुरे झाले. जिनं स्वतःच्या तोंडानं ‘जाऊ द्या त्याला’ म्हटलं, तिला सैनिकाचा अपमान करणारी कसं म्हणायचं? स्मारकावर गेलेल्याचं नाव कोरलेलं असतं. घरात मागे राहिलेल्यांचं काय झालं, ते या चित्रात आहे. मला दोन्ही हवीत.

दुसरा आक्षेप, की हे युरोपचं दुःख, आपल्याला त्याचं काय? कल्याणच्या माणसानं हे विचारावं याचं मला वाईट वाटतं. हे चित्र ज्या दुसऱ्या महायुद्धातलं, त्याच महायुद्धात कल्याणशेजारी फौजेसाठी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्याच बराकींमध्ये सिंधी निर्वासितांना आणून ठेवलं आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. आजही रिक्षात बसताना आपण ‘कॅम्प तीन’ म्हणतो. कोल्हापूरजवळ वळिवड्याला 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. युद्ध आपल्या पत्त्यांत, आपल्या तोंडी येऊन बसलेलं आहे. आणि बियाण्याचं म्हणाल, तर ठाणे जिल्हा भाताचा. पावसाळ्याच्या तोंडी घरात दाणा नसला, तरी बियाण्याच्या भाताला हात लावायचा नाही, ते गिरणीत भरडायला न्यायचं नाही, हे इथल्या कुणा म्हातारीला शिकवावं लागलं नसतं. या चित्राचं नाव तिला आपल्याआधी कळेल.

‘ही तर छापील प्रत’ असंही कुणी म्हणालं. शिळाछाप असतेच छापण्यासाठी. दगडावर तेलकट खडूनं काढायचं, पाणी फिरवायचं, शाई फक्त खडूच्या रेषांना धरते. गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये मराठी पंचांग अशाच दगडावरून छापलं आणि ते घरोघरी गेलं. भिंतीभिंतीवर जावं म्हणूनच कोल्विट्झनंही दगड निवडला. ‘पुन्हा युद्ध नको’ असं लिहिलेलं तिचं 1924 चं चित्र तर भित्तिपत्रकच होतं.

उरला शेवटचा प्रश्न: चित्रानं युद्ध थांबतं का? नाही थांबत. नाझींनी 1933 मध्ये तिला प्रशियन अकादमीतून बाहेर पडायला लावलं. ही म्हातारी दगडावर उतरली त्याच वर्षी तिचा नातू, त्याचंही नाव पीटर, रशियाच्या आघाडीवर मारला गेला. हिटलरला अखेर फौजांनीच हरवलं, हे मी मान्य करतो. काही युद्धं लढावीच लागतात. पण लढाईचा निर्णय करताना कुणाची पोरं आत ढकलतो आहोत ते ज्याला दिसत नाही, त्याच्या निर्णयावर माझा विश्वास नाही. ते दिसत राहावं, एवढंच काम मी या चित्राकडे मागतो.

म्हणून माझी सूचना कायम आहे. चित्र जिन्याच्या पहिल्या वळणावर लावा, आणि जरा खाली, सहावी-सातवीतल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर. पुस्तक बदलायला धावत वर जाणारं पोर आणि पांघरुणातून डोकं काढणारं ते पोर तिथे समोरासमोर येतील.