‘झालं ते झालं’ कसं म्हणायचं?

मागच्या वीकेंडला धुळ्याला मामांकडे गेलो होतो. दुपारची वरण-बट्टी अंगावर आली होती, डोळे मिटत होते, तेवढ्यात मामांनी लोखंडी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत पतसंस्थेची ठेव पावती. दोन लाखांची, रिटायर झाल्यावर ठेवलेली. संस्था बुडून वर्षं झाली (नाव लिहीत नाही. बीएचआर नव्हे, एक लहानशी होती). मामा म्हणाले, "एक जण साठ हजार देतो म्हणतो पावतीचे. देऊन टाकू का भो? झालं ते झालं."

माझी झोप उडाली. कारण ‘झालं ते झालं’ या एका वाक्यावर खान्देशातली कित्येक कुटुंबं लुटली गेली आहेत. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, साधा हिशेब आहे. समजा, बुडालेल्या संस्थेकडे लोकांच्या ठेवी १०० कोटी आणि वसूल होऊ शकेल अशी कर्जं ४० कोटी. सगळं इमानदारीत वाटलं तर रुपयाला ४० पैसे मिळतील. आता २० कोटींचा एक कर्जदार काय करतो? एजंट फिरवून २० कोटींच्या पावत्या रुपयाला ३० पैशांनी, म्हणजे ६ कोटींत गोळा करतो. मग लिक्विडेटरला (सरकारी मराठीत अवसायक) सांगतो की या पावत्या घ्या आणि माझं कर्ज फिटलं असं लिहा. कागद चोख. पण आता ठेवी उरल्या ८० कोटी आणि वसुली उरली २० कोटी. म्हणजे ज्यांनी पावती विकली नाही त्यांना ४०च्या जागी २५ पैसे. त्यांचे १२ कोटी गेले, विकणाऱ्यांचे २ कोटी गेले, आणि कर्जदाराचे बरोब्बर १४ कोटी वाचले. पैसा हवेत विरला नाही मंडळी, फक्त खिसा बदलला!

हे कल्पनेतलं वाटतंय? मग जळगावचं भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेचं, म्हणजे बीएचआरचं प्रकरण आठवा. वर्तमानपत्रांत ११०० कोटींचा घोटाळा म्हणून गाजलं ते. २०१५ मध्ये संस्थेवर अवसायक आला. लोकांना वाटलं, सुटलो. नोव्हेंबर २०२० मध्ये पुण्याच्या आर्थिक गुन्हे शाखेने जळगावात छापे घातले ते मात्र त्या अवसायकाच्याच कारभाराबद्दल. मालमत्ता कवडीमोलाने विकल्या आणि ठेव पावत्या कमी भावात घेऊन कर्जात वळत्या केल्या, असे आरोप. जून २०२१ मध्ये त्या अवसायकाला इंदूरहून अटक झाली. आरोप म्हणजे गुन्हा सिद्ध नव्हे, ते कोर्ट ठरवेल. पण आपल्या भाषेत सांगायचं तर, ज्याने लॉग तपासून चुकीच्या नोंदी उलटवायच्या, त्याच्याच लॉगिनवरच्या नोंदी तपासायची वेळ आली.

आता कंपन्यांकडे बघा. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत मागे वळून बघायची सोय आहे. कंपनी बुडण्याच्या सुमारास एकाच देणेकऱ्याला झुकतं माप दिलं असेल, तर तो व्यवहार उलटवता येतो. आपल्या गोतावळ्यातल्यांसाठी मागची दोन वर्षं, बाकीच्यांसाठी एक. मातीमोल विक्रीसाठी वेगळं कलम, फसवणुकीसाठी वेगळं. जेपी इन्फ्राटेकने आपली ७५८ एकर जमीन कशासाठी गहाण टाकली होती? स्वतःच्या नव्हे, मूळ कंपनीच्या कर्जांसाठी! आणि इकडे हजारो लोक फ्लॅटची वाट बघत बसलेले. रिझोल्यूशन प्रोफेशनलने, म्हणजे लिक्विडेटरच्या आधी येणाऱ्या माणसाने, त्याविरुद्ध दाद मागितली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती गहाणखतं उलटवली.

पतसंस्थांना हे लागू नाही. त्यांचा अवसायक सहकार कायद्याखाली काम करतो. राज्याचा १९६० चा असो की बहुराज्य संस्थांचा २००२ चा, नुकसान करणाऱ्या संचालकाकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद आहे, नाही असं नाही. पण ती माणसाच्या मागे लागते, मालमत्तेच्या नाही. ठरावीक मुदतीतले व्यवहार उलटवणारी साखळी तिथे नाही. २०२३ च्या दुरुस्तीने बहुराज्य संस्थांसाठी लोकपाल आला, आजारी संस्थांसाठी निधी आला, पण हे हत्यार आलं नाही.

यावर पुण्या-मुंबईतले माझे मित्र दोन गोष्टी ऐकवतात. पहिली, "जास्त व्याजाचा मोह होता ना? मग भोगा." अरे, मोह पाप असेल, पण म्हणून चोराला माफी कशी? शिवाय बहुतेकांनी पतसंस्था निवडली ती ओळखीचा माणूस दारात येऊन पैसे न्यायचा म्हणून. दुसरी गोष्ट जरा वजनदार: "जुने सौदे उकरायला लागलात तर उद्या कोण जमीन विकत घेईल?" बरोबर. म्हणूनच मुदत हवी, आणि प्रामाणिकपणे योग्य किंमत मोजणाऱ्याला संरक्षणही हवं. पण योग्य किंमत मोजणारा घाबरेल कशाला?

फौजदारी खटला आहेच की, असंही म्हणतात. जळगावच्या घरकुल प्रकरणाचा गुन्हा २००६ मध्ये दाखल झाला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला ३१ ऑगस्ट २०१९ ला. तेरा वर्षं! सत्तरीतल्या ठेवीदाराकडे तेवढी आहेत का? आणि कुणी तुरुंगात गेला म्हणून पावतीचे पैसे थोडेच परत येतात?

म्हणून मागण्या तीनच. सहकार कायद्यात व्यवहार उलटवण्याची कलमं घाला. अवसायकाने केलेली प्रत्येक विक्री आणि प्रत्येक वळती ठेवीदारांना दिसेल अशी जाहीर करा. आणि अवसायक गप्प बसला तर ठेवीदाराला थेट दाद मागू द्या. कंपन्यांच्या बाबतीत, मातीमोल विक्री झाली असेल तर देणेकऱ्याला ती मुभा आहे. मग माझ्या मामांना का नाही?

असो. त्या दिवशी मामांना कागदावर वरचा हिशेब मांडून दाखवला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी विकली तर माझंही जातं, अन् शेजारच्या काकूंचंही."

पावती पुन्हा कपाटात गेली. मामांनी पैशांवर पाणी सोडायला नकार दिलाय. कायद्याने त्यांना साथ द्यावी, एवढंच म्हणणं आहे.